ग्रीन स्क्रीन: घरच्या घरी व्हिडिओची पार्श्वभूमी कशी बदलतात?

रील्स चाळताना असा एखादा व्हिडिओ हमखास समोर येतो. मागे रायगड किंवा मरीन ड्राइव्ह, पुढे बोलणारी व्यक्ती आणि तिच्या केसांभोवती हिरवट झालर. हात हलवला की बोटांची टोकं गायब होतात. खांद्याजवळ मधूनच कापडाची सुरकुती तरंगताना दिसते. व्हिडिओ करणाऱ्याने बहुतेक वेळा तीन-चार अ‍ॅप बदलून पाहिलेली असतात आणि महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून असं होतं, अशी त्याची समजूत झालेली असते.

दोष अ‍ॅपचा क्वचितच असतो. तो असतो चित्रीकरणाच्या खोलीत, कापडावर पडलेल्या उजेडात. तिथे चुकलेलं पुढे एडिटिंगमध्ये पूर्णपणे सुधारत नाही. उलट उजेड नीट असेल तर फुकटच्या अ‍ॅपमध्येही काम दोन मिनिटांत होतं.

घरून शिकवणी घेणारे शिक्षक, पुस्तकांवर बोलणारे, पाककृती दाखवणारे, घडामोडींवर मत मांडणारे अशा अनेकांना ग्रीन स्क्रीन उपयोगी पडतो. प्रत्येकाला मागे डोंगर किंवा समुद्रच हवा असतो असं नाही. कित्येकांना फक्त मागचं कपाट, दोरीवरचे कपडे आणि मधूनच ये-जा करणारी घरची माणसं जगाला दाखवायची नसतात. लहान घरात राहणाऱ्यांसाठी हिरवं कापड म्हणजे बिनखर्चाची भिंतच.

संगणक नेमकं काय करतो?

या तंत्राला क्रोमा की म्हणतात. क्रोमा म्हणजे रंग. चित्रात एका ठरावीक रंगाचा जो जो भाग असेल तो पारदर्शक करायचा आणि त्यातून मागे ठेवलेलं दुसरं चित्र दिसू द्यायचं, एवढीच ही युक्ती आहे. टीव्हीवर हवामानाच्या नकाशासमोर उभे असलेले निवेदक प्रत्यक्षात एका कोऱ्या हिरव्या किंवा निळ्या भिंतीसमोर उभे असतात. नकाशा त्यांना फक्त बाजूच्या मॉनिटरवर दिसतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. सॉफ्टवेअरला माणूस कुठला आणि कापड कुठलं हे कळत नाही. त्याला फक्त रंग कळतो. ‘हा रंग आणि याच्या आसपासच्या छटा काढून टाक’ एवढाच हुकूम ते पाळतं. कापड सगळीकडे एकाच छटेचं दिसलं तर हुकूम सोपा असतो. एका कोपऱ्यात कापड पोपटी, दुसऱ्या कोपऱ्यात गडद शेवाळी आणि सुरकुतीच्या आत जवळजवळ काळं दिसलं, तर या सगळ्या छटा काढण्यासाठी मर्यादा वाढवावी लागते. मर्यादा वाढवली की केसांच्या कडा, चष्म्याची काच, शर्टाची सावली हेही त्या जाळ्यात सापडतं. बोटं गायब होतात ती अशी.

हिरवाच रंग का?

माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा रंग मुळात लाल-नारिंगीच्या बाजूचा असतो. हिरवा आणि निळा हे दोन्ही त्यापासून लांबचे रंग. म्हणून या दोघांचीच निवड होते. त्यातही हिरवा पुढे गेला तो डिजिटल कॅमेऱ्यामुळे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या अतिसूक्ष्म चौकटींची जाळी असते. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट १९७६ साली मिळालं. तिच्यात दर चार चौकटींमागे दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी असते. म्हणजे हिरव्याची माहिती बाकीच्यांच्या दुप्पट. एचडी व्हिडिओच्या मानकातही चित्राचा उजळपणा मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरलेला आहे. त्यामुळे कमी उजेडातही हिरवं कापड स्वच्छ दिसतं, तर निळ्यात बारीक बारीक ठिपके नाचू लागतात.

पण हिरव्याचा एक त्रास मराठी घरांना विशेष आहे. हिरवा चुडा घालून कॅमेऱ्यासमोर बसलं की मनगटाच्या जागी मागचा समुद्र दिसू लागतो. हिरव्या काठाची पैठणी, नथीतला हिरवा खडा, पाककृतीच्या व्हिडिओतली कोथिंबीर आणि कढीपत्ता, पूजेतली विड्याची पानं, हे सगळं सॉफ्टवेअरच्या लेखी कापडच. लग्नसराईचे किंवा सणाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी, तसंच स्वयंपाकाचे चॅनेल चालवणाऱ्यांनी निळं कापड घेतलेलं बरं. निळ्याला उजेड थोडा जास्त लागेल एवढंच. मात्र मग निळी जीन्स चालणार नाही. ज्यांना दोन्ही लागतात ते एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला निळं असं दुहेरी कापड शिवून घेतात.

जुनीच युक्ती, नवं कापड

चित्राचा एक भाग झाकायचा आणि तिथे दुसरं चित्र बसवायचं, हा खेळ सिनेमाइतकाच जुना आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच काळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करून तीच फिल्म कॅमेऱ्यातून पुन्हा फिरवली होती. काळ्या भागावर उजेड पडलेला नसल्याने तिथे दुसरं दृश्य उमटत असे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळके यांनीही आपल्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार दाखवण्यासाठी एकाच फिल्मवर दोनदा छायाचित्रण करण्याची पद्धत वापरली.

रंगाच्या आधाराने पार्श्वभूमी वेगळी करणं नंतर आलं. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या रंगीत चित्रपटासाठी लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचं तंत्र वापरलं आणि त्या चित्रपटाला विशेष दृश्यांचं ऑस्कर मिळालं. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या ‘बेन हर’साठी ही पद्धत इतकी सुधारली की केस, धूर, काच अशा अर्धपारदर्शक गोष्टीही नीट दिसू लागल्या. आजच्या कीइंग सॉफ्टवेअरवर त्यांच्या कामाची छाप आहे. तेव्हा एका दृश्यासाठी प्रयोगशाळेत फिल्म पुन्हा पुन्हा छापावी लागे. आता मोबाइल हेच काम एका सेकंदात तीस वेळा करतो.

कापड घेताना

‘क्रोमा’ असा शिक्का असलेलं कापडच हवं असं अजिबात नाही. कापडाच्या दुकानात मिळणारं साधं पोपटी सुती कापड, पॉपलिनसारखं, पुरेसं होतं. बघायचं ते एवढंच की त्याला चकाकी नसावी, ते आरपार दिसू नये आणि रंग सपाट, भडक असावा. सॅटिन आणि चमकणारं सिंथेटिक कापड टाळावं, कारण दिवा पडला की त्यावर पांढरे पट्टे उमटतात. बाटलीसारखा गडद हिरवा किंवा मेंदीचा रंगही उपयोगाचा नाही.

खरी अडचण पन्ह्याची येते. कापडाचा पन्हा बहुधा ४४ किंवा ५८ इंच असतो, म्हणजे एका पट्टीत काम भागत नाही. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने उभा व्हिडिओ घेताना ८ फुटांवर साधारण ६ फूट रुंदीचा भाग दिसतो. मग दोन पट्ट्या जोडाव्या लागतात आणि शिवणीची रेघ दिसते. बसून बोलायचं असेल तर ही शिवण बरोबर पाठीमागे मध्यभागी येईल असं कापड टांगावं. शरीराआड ती झाकली जाते.

पूर्ण फ्रेम कापडाने भरली पाहिजे, हाही एक गैरसमज आहे. डोकं, खांदे आणि हात जिथवर हलतील तेवढ्या भागामागे कापड असलं की झालं. उरलेलं कपाट, खिडकी, पंखा वगैरे एडिटिंगमध्ये सरळ कापून टाकता येतं. त्यासाठी बहुतेक सगळ्या अ‍ॅपमध्ये क्रॉप किंवा मास्क असतोच. या एका गोष्टीमुळे अर्ध्या कापडात काम होतं.

कापडाला इस्त्री हवी. टांगल्यावर खालच्या आणि बाजूच्या कडांना चिमटे लावून ते ताणून घ्यावं. भिंतीला खिळे ठोकायची सोय नसलेल्या भाड्याच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी किंवा पडद्याची दांडी चालते. आणि चित्रीकरण सुरू करण्याआधी पंखा बंद करावा. पंख्याने कापड हलतं, दिव्याखाली फिरणाऱ्या पात्यांची सावली कापडावर लपलपते आणि आवाजही माइकमध्ये जातो.

दागिने, साबण, मेणबत्त्या, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांना तर कापडही लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला पोपटी कार्डपेपर टेबलावर ठेवून मागची बाजू भिंतीला टेकवली, मध्ये घडी न पाडता नुसती गोलाई ठेवली की छोट्या वस्तूंसाठी पडदा तयार.

उजेड: इथेच सगळं ठरतं

ग्रीन स्क्रीनसाठी दोन वेगळे उजेड लागतात. एक कापडासाठी, दुसरा माणसासाठी. घरी बहुतेक जण एकच रिंगलाइट समोर ठेवतात. तो चेहऱ्यावर पडतो, उरलासुरला मागे कापडावर जातो आणि चेहऱ्याची सावलीही कापडावर टाकतो. मग ज्या भागाची कडा सगळ्यात स्वच्छ हवी, नेमका तोच भाग काळा होतो.

कापडासाठी सगळ्यात चांगला आणि स्वस्त दिवा म्हणजे चार फुटी एलईडी ट्यूब. गोल बल्बचा उजेड एका ठिकाणी गोळा होतो, ट्यूबचा लांबीभर पसरतो. कापडाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक ट्यूब उभी ठेवावी, कापडापासून दोन-तीन फूट पुढे आणि तिरकी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. दोन्ही ट्यूब एकाच कंपनीच्या आणि एकाच रंगछटेच्या असाव्यात. एक पांढरी आणि एक पिवळसर असेल तर कापडाच्याही दोन छटा होतात.

दिवा कापडाला अगदी चिकटवून ठेवण्याचा मोह टाळावा. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. लहान दिव्यापासून एक फुटावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांशच दोन फुटांवर पोहोचतो. दिवा जवळ असला की कापडाची जवळची कड झगमगते आणि मधला भाग अंधारात राहतो. दिवा थोडा मागे घेतला तर एकूण उजेड कमी होईल, पण सारखा पसरेल. आणि इथे जास्त उजेडापेक्षा सारखा उजेड मोलाचा. कापड चेहऱ्याइतकं किंवा त्याहून किंचित कमी उजळ असावं. फार झगमगलं तर कॅमेऱ्यात ते फिकट पांढरट होतं आणि रंगच हरवतो.

सारखेपणा डोळ्यांनी तपासता येत नाही, कारण डोळे उजेडातला फरक आपोआप सावरून घेतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कापड बघावं आणि एक्स्पोजर अगदी खाली ओढावं. चित्र काळपट झालं की कुठला कोपरा आधी बुडाला ते लगेच दिसतं. तिकडे ट्यूब थोडी सरकवावी. या तपासणीला एक मिनिट लागतं आणि पुढचा तासभराचा मनस्ताप वाचतो.

खिडकीचा उजेड सुंदर असतो पण भरवशाचा नसतो. विशेषतः पावसाळ्यात ढग आला-गेला की दर दोन मिनिटांनी कापडाचा रंग बदलतो. लांब व्हिडिओ असेल तर खिडकी बंद करून दिव्यांवरच काम करावं.

माणूस कापडापासून लांब

हिरव्या कापडावर पडलेला उजेड हिरवा होऊन परत येतो आणि मान, कान, खांदे, केस यांवर पडतो. याला स्पिल म्हणतात. केसांभोवतीची हिरवट झालर ती हीच. पांढरा शर्ट, मोगऱ्याचा गजरा, जरीचे काठ, टक्कल आणि चष्मा यांवर ती जास्त दिसते. उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याआधी जमिनीवर शोधावा. दोन पावलं पुढे यावं.

कापडापासून ५-६ फूट अंतर असेल तर उत्तम. पण १० बाय १० च्या खोलीत ते कुठून आणायचं? तिथे माणूस कापडापासून ३ फुटांवर आणि कॅमेरा माणसापासून ५ फुटांवर अशी विभागणी जमते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं चित्रीकरण केलं तर आणखी चार फूट मिळतात, कारण चौकोनी खोलीचा कर्ण १४ फुटांचा असतो. मोबाइल दारात, पॅसेजमध्ये नेऊन ठेवता आला तर तेही करावं. लांबून झूम करून घेतलेल्या चित्रात मागे कापडही कमी लागतं. मात्र हा झूम मोबाइलच्या वेगळ्या टेलिफोटो लेन्सचा असावा. बोटांनी ताणलेला डिजिटल झूम चित्र खराब करतो.

जागा अगदीच कमी असेल तर माणसाच्या मागून, वरच्या बाजूने एक छोटा पांढरा दिवा केसांवर आणि खांद्यांवर टाकावा. तो हिरवी झाक धुऊन काढतो आणि कडाही स्पष्ट करतो.

पायापर्यंत पूर्ण माणूस दाखवण्याचा आग्रह सुरुवातीला नको. त्यासाठी कापड जमिनीवरही अंथरावं लागतं, त्यावर बुटांचे डाग पडतात, पायांची सावली नीट राखावी लागते. सावली गेली तर माणूस हवेत तरंगतो. कमरेपासून वरचं चित्रीकरण घरी सहज जमतं, पूर्ण उंचीचं क्वचितच.

मोबाइलच्या सेटिंग्ज

मोबाइल दर क्षणाला स्वतःच्या मनाने उजेड आणि रंग बदलत असतो. ग्रीन स्क्रीनसाठी ही हुशारी घातक आहे. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. रंगाचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, लॉक करायला फोनमधला प्रो मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप लागतं.

ब्युटी फिल्टर, पोर्ट्रेट मोड, एचडीआर हे सगळं बंद. ब्युटी फिल्टर त्वचेबरोबर कडाही पुसतो. सेल्फी कॅमेऱ्यापेक्षा मागचा कॅमेरा वापरावा.

व्हिडिओ शेवटी १०८०पी मध्येच टाकायचा असला तरी चित्रीकरण जमल्यास ४के मध्ये करावं. याला एक पक्कं कारण आहे. फाइल लहान राहावी म्हणून फोन उजळपणाची माहिती प्रत्येक पिक्सेलची साठवतो, पण रंगाची माहिती चार पिक्सेल मिळून एकच साठवतो. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. क्रोमा की मात्र रंगावरच चालते, त्यामुळे तिच्यासाठी चित्र ओबडधोबड होतं आणि केसांच्या कडांना पायऱ्या पडतात. ४के व्हिडिओत रंगाची माहिती बरोबर १९२० गुणिले १०८० इतकी असते. तो आकाराने निम्मा केला की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला स्वतःचा रंग येतो.

बोलताना हात फार हलत असतील तर शटरचा वेग १/१०० ठेवावा, म्हणजे बोटं धूसर होत नाहीत. १/१०० किंवा १/५० हेच आकडे, कारण भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० वर काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

आणि एवढी मेहनत करून तो व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅपटॉपवर पाठवू नये. व्हॉट्सअ‍ॅप फाइल दाबून लहान करतं आणि कडांचा चुरा होतो. केबल, ड्राइव्ह किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवणं, यापैकी काहीही चालेल.

सॉफ्टवेअरमध्ये

फोनवर काइनमास्टर, व्हीएन, इनशॉट यांसारख्या अ‍ॅपमध्ये सोय आहे. गोंधळ होतो तो क्रमात. आधी पार्श्वभूमीचं चित्र किंवा व्हिडिओ मुख्य पट्टीवर घ्यायचा आणि स्वतःचा व्हिडिओ त्याच्यावर लेयर म्हणून, इनशॉटमध्ये पीआयपी म्हणून, चढवायचा. उलटं केलं तर काहींना क्रोमाचा पर्यायच सापडत नाही. संगणकावर डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिटिंगला आणि ओबीएस स्टुडिओ लाइव्हला उत्तम आहे.

ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या सोर्सवर राइट क्लिक करून फिल्टर्समध्ये क्रोमा की निवडावी. तिथे महत्त्वाच्या तीन पट्ट्या असतात. सिमिलॅरिटी म्हणजे हिरव्याच्या किती छटा काढायच्या. स्मूदनेस म्हणजे कड किती मऊ ठेवायची. तिसरी स्पिल रिडक्शन, म्हणजे माणसावर पडलेली हिरवी झाक किती पुसायची. सिमिलॅरिटी खालून वर न्यावी आणि कापड जेमतेम नाहीसं झालं की थांबावं. मग स्मूदनेस, शेवटी स्पिल. तिसरी पट्टी जास्त ओढली की चेहरा जांभळट दिसू लागतो.

तपासताना खरी पार्श्वभूमी लगेच लावू नये. मागे भडक लाल रंग ठेवून बघावं, मग काळा, मग पांढरा. समुद्राच्या चित्रात लपलेले ठिपके आणि सुरकुत्या कोऱ्या रंगावर उघड्या पडतात. कापड जाईपर्यंत चेहराही पारदर्शक होत असेल तर पट्ट्या ओढत बसण्यात अर्थ नाही. उठून ट्यूब सरकवावी आणि पुन्हा चित्रीकरण करावं.

कडा स्वच्छ, तरी खोटं दिसतं

कीइंग अचूक झाल्यावरही कधी कधी माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कारण बहुतेक वेळा उजेडाच्या दिशेत असतं. मागे डावीकडून येणारं ऊन आणि चेहऱ्यावर समोरून पांढरी ट्यूब, हे पाहणाऱ्याला सांगता येत नसलं तरी खटकतं. संध्याकाळचं चित्र असेल तर चेहऱ्यावर पिवळसर दिवा हवा, आणि ज्या बाजूला सूर्य त्याच बाजूने.

दुसरं कारण क्षितिज. फोटोत क्षितिजाची रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रीकरण केलं असेल तर मागच्या समुद्राची रेषाही साधारण डोळ्यांच्या पातळीवर यायला हवी. ती कमरेला आली तर माणूस राक्षसासारखा उंच वाटतो. मागचं चित्र थोडं धूसर केलं की बरंच काही झाकलं जातं, कारण खऱ्या कॅमेऱ्यातही जवळच्या माणसामागचं दृश्य पुष्कळदा धूसरच असतं.

मागे काय ठेवायचं याची निवड साधी असलेली बरी. शिकवणाऱ्यांनी स्लाइड ठेवली तर मजकूर एका बाजूला आणि स्वतः दुसऱ्या बाजूला, एवढा विचार चित्रीकरणाआधीच करावा. कुणाचाही फोटो गुगलवरून उचलू नये. पेक्सेल्स, पिक्साबे यांवर मोफत वापरता येणारी चित्रं आणि व्हिडिओ आहेत, आणि स्वतःच्या फोनने काढलेला गावचा फोटो तर कधीही चांगला.

कापडाशिवाय होत नाही का?

होतं. झूम, गुगल मीट, इन्स्टाग्राम यांत कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची आकृती ओळखून मागचा भाग काढते. इन्स्टाग्रामवरच्या ‘ग्रीन स्क्रीन’ नावाच्या इफेक्टला तर हिरवं काहीच लागत नाही. दोन मिनिटांच्या रीलसाठी किंवा ऑफिसच्या मीटिंगसाठी हे पुरेसं आहे.

फरक असा की क्रोमा की रंग काढते आणि ही पद्धत माणसाचा अंदाज बांधते. अंदाजात माणूस बसतो, पण त्याच्या हातातली वस्तू बसेलच असं नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने हृदयाची प्रतिकृती उचलून दाखवली की ती अर्धी गायब होते. तबल्यावरची बोटं, विणकामाची सुई, मोकळे केस, खुर्चीची पाठ यांचंही तेच. कापडासमोर मात्र हिरवं नसलेलं सगळं जागच्या जागी राहतं. हातात काही धरून दाखवायचं असेल, तर आजही कापडाला पर्याय नाही. दोन्ही एकत्रही वापरता येतात. झूममध्ये ‘माझ्याकडे ग्रीन स्क्रीन आहे’ असा पर्याय असतो, तो निवडला की अंदाज बंद होतो आणि रंगावर काम सुरू होतं.

लाइव्ह आणि खरेपणा

घर दिसू नये म्हणून कापड लावणाऱ्यांनी लाइव्हच्या वेळी एक काळजी घ्यावी. कापडाबाहेरचा भाग क्रॉप केलेला नसेल तर कॅमेरा जरा हलला की कडेने अख्खी खोली दिसते. वीज गेली की कापड काळं पडतं आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहून अंधारातलं खरं घर दाखवत बसतो. ओबीएसमध्ये कोऱ्या पाटीचा एक वेगळा सीन करून त्याला कीबोर्डवरची एक कळ जोडून ठेवता येते. घरात लहान मुलं असतील तर ही कळ हाताशी असावीच. कीइंग न केलेली मूळ फाइल कुणाला पाठवताना त्यात घर दिसतं आहे, हेही विसरू नये.

दुसरी बाजू पाहणाऱ्यांची. मागे पूर आलेल्या गावाचं दृश्य लावून, आपण तिथेच उभे आहोत अशा थाटात बोलणं आता कुणालाही जमतं. पाहणाऱ्यांत त्याच गावात आई-वडील असलेलं कुणीतरी असतं आणि तो व्हिडिओ जुना आहे की आजचा हे त्याला कळत नाही. यूट्यूबने मार्च २०२४ पासून असा नियम केला आहे की खऱ्या घटनेचं किंवा जागेचं दृश्य बदलून ते खरं वाटेल असं दाखवलं असेल, तर व्हिडिओ टाकताना तसं जाहीर करावं. शिकवणीमागची स्लाइड किंवा धूसर केलेली भिंत यात येत नाही. बातमीच्या स्वरूपाच्या व्हिडिओत कोपऱ्यात ‘संग्रहित दृश्य’ एवढे दोन शब्द लिहिले तरी शंका राहत नाही.

कापड सांभाळताना

नवं सुती कापड वापरण्याआधी एकदा वेगळं धुऊन घ्यावं. त्याचा रंग सुटतो आणि ते आटतंही. वाळवताना सावलीत घालावं, कडक उन्हात रंग विटून कापडावर फिकट पट्टे पडतात. काम झाल्यावर घडी न घालता जुन्या पीव्हीसी पाइपवर किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून कपाटावर आडवं ठेवलं, तर पुढच्या वेळी इस्त्री करावी लागत नाही.